सातवी खेप

त्या उन्हाळ्यात दामिरला काय काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकते. डावी खुर्ची मिळणार होती. विमानात डावीकडे बसतो तो कप्तान, उजवीकडे बसतो तो त्याचा मदतनीस, आणि दामिर सहा वर्षं उजवीकडे बसून होता. खुर्चीबरोबर आमच्या आग विझवणाऱ्या विमानांच्या तळाच्या आवारातलं दोन खोल्यांचं घर, म्हणजे बायकोची सासूच्या स्वयंपाकघरातून सुटका. हिवाळ्यात महिनाभर कॅनडात प्रशिक्षण. आणि वहीत नाव. हे शेवटचं तुम्हाला फुटकळ वाटेल, पण ती वही मी सत्तावीस वर्षं लिहिते आहे. तिच्यात पाच रकाने आहेत: उड्डाणाची वेळ, कप्तान, खेपा किती, पाणी कुठून उचललं, कुठे सोडलं. मदतनीसाला रकाना नाही. सहा वर्षांत दामिरनं किती आगी विझवल्या असं वहीला विचारलं, तर ती सांगेल, एकही नाही.

हे सगळं एका माणसाच्या हातात होतं. रोको आमचा सगळ्यात जुना कप्तान, सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होता. उजवीकडचे तिघंजण त्याच्या खुर्चीकडे बघून होते. नवा कप्तान वरचे साहेब नेमतात असं कागदावर आहे. प्रत्यक्षात उठणारा सांगतो कोण बसेल, आणि साहेब शिक्का मारतात. त्यामुळे त्या वर्षी रोकोला स्वतःची कॉफी स्वतः आणावी लागली नाही.

दामिर पूर्वेकडच्या सपाट मुलखातला, मक्याच्या आणि डुकरांच्या गावचा. पण शिकायला हुशार. इथे किनाऱ्यावर वडीलधाऱ्या पुरुषाला बार्बा म्हणतात आणि बाईला तेता, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात उचललं. रोकोशी बोलताना तर मीठ भुरभुरावं तसं प्रत्येक वाक्यात एक बार्बा असायचा.

"बार्बा, झाडं किती म्हणालात तुमची?" दहाच्या खाण्याला त्यानं विचारलं. सार्डिन आणि पाव होता. सगळे हॅंगरच्या सावलीत बसलो होतो.

"एकशे बारा," रोको म्हणाला. "माझ्या बापानं दगड फोडून लावलेली ऑलिव्हं. तिलागवर तशी बाग दुसरी नाही."

"गेल्या वर्षी एकशे चौदा होती," मी म्हटलं.

"दोन मेली."

"का वित्स्को मोजायला शिकला?"

वित्स्को हा रोकोचा बालमित्र, तिलाग बेटावर पोस्टमन. रोको पस्तीस वर्षं इकडे किनाऱ्यावर राहतो, तेव्हा बागेची छाटणी, तोडणी सगळी वित्स्कोकडे. बदल्यात अर्धं तेल त्याचं.

"तो अर्धं तेल घेतो आणि अर्ध्याच फांद्या छाटतो," रोको म्हणाला. "मला विचाराल तर एखादी आग यावी आणि सगळं घेऊन जावं. माझे गुडघे तिचे आभार मानतील."

सगळे हसले. दामिरही हसला, आणि मग म्हणाला, "असं नका म्हणू बार्बा. बापाची झाडं आहेत."

आमच्या किनाऱ्यावरचा माणूस झाडांना शिव्या घालतो तेव्हा ती त्याला हवी असतात, एवढं दामिर शिकला होता. ते बरोबरच होतं. हवी म्हणजे किती हवी, हे कोणी शिकवत नाही. शिव्या देणाऱ्यालाही ते नक्की माहीत नसतं.

आमच्या कामाची एक रीत इथे सांगायला हवी. विमान समुद्राला पोट टेकवत धावतं, बारा सेकंदांत सहा टन पाणी घेतं, आगीवर जाऊन सोडतं आणि पुन्हा समुद्राकडे वळतं. ही एक खेप. ज्याच्या हातात विमान असतं तो रेडिओवर बोलत नाही, बोलतो तो शेजारचा. डोंगरकडेला धुरात वळताना दोन्ही कामं एका डोक्यानं करू नयेत म्हणून. त्यामुळे मी माझ्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसले तरी सांगते, खेप कोणाची. रेडिओवर रोकोचा खरखरीत आवाज आला की विमान दामिरकडे. दामिरचा आला की रोकोकडे.

जुलैपासून रोको दर दुसरी खेप दामिरला देत होता. कप्तानकीच्या परीक्षेआधी हात बसावा म्हणून. खाली माणसं काम करत असतील तिथली खेप मात्र कप्तानानंच टाकायची, असा लेखी नियम आहे. जुलैत त्या दोघांनी तो चार वेळा मोडला. चारही वेळा मी ऐकलं आणि वहीत रोकोचं नाव लिहिलं. दुसरं नाव लिहायला तिथे जागाच नाही.

सहा ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमाराला तिलागवर कचऱ्याच्या खड्ड्यापाशी आग लागली. दक्षिणेचा वारा होता. दोन वाजून वीस मिनिटांनी रोको आणि दामिर उडाले. दुसरं विमान आदल्या दिवसापासून लांबच्या एका आगीवर होतं, ते येण्यासारखं नव्हतं.

तिलागच्या गावाखाली खाडी आहे, पाणी उचलायला अगदी सोयीची. त्या दिवशी तिच्यात पाहुण्यांच्या अकरा बोटी नांगर टाकून होत्या. बंदराचा माणूस भोंग्यावरून बाजूला व्हा म्हणून ओरडत होता, आणि बोटींवरची माणसं त्याला हात हलवून दाखवत होती. फोन वर धरलेले होते, पिवळं विमान जवळून बघायला मिळणार म्हणून. रोकोनं एकदा वरून घिरटी घातली आणि बेटाच्या पलीकडची खाडी धरली. त्यामुळे एकेक खेप पाच मिनिटांऐवजी नऊ मिनिटांची झाली.

खाली जमिनीवर गावचे स्वयंसेवक होते. आठजण, एक बंब, आणि त्यांचा म्होरक्या वित्स्को.

"रोको, ऐकतोस का?" दुसऱ्या खेपेला रेडिओवर त्याचा आवाज आला. "पाणी आणलंस की नुसताच आवाज आणलास?"

"पाणी आणलंय," दामिर म्हणाला. म्हणजे विमान रोकोकडे होतं.

"हा कोण? मक्याच्या गावचा? बरं, बाळा, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, डावीकडे वीस मीटर. चष्मा लावलाय ना त्यानं?"

"लावलाय."

"मग मागच्या खेपेला काय काढून ठेवला होता?"

पहिल्या सहा खेपा अशाच गेल्या. एक रोकोचा आवाज, एक दामिरचा. मी वेळा टिपत होते. आग खड्ड्याकडून वर चढली आणि दोन फाट्यांनी पसरली. एक फाटा वरच्या रस्त्याकडे, जिथे बंब होता. दुसरा रोकोच्या बापाच्या बागेकडे. दोन्हींमध्ये अंतर तीनशे मीटर.

सातव्या खेपेला रेडिओवर रोको होता.

"आता वरच्या रस्त्यावर," वित्स्को म्हणाला. "बंबाच्या पुढे वळण आहे, तिथे. घाई नाही, पण आत्ताच."

"वरचा रस्ता, वळण," रोको म्हणाला. "कळलं. दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली. मग वित्स्कोचा आवाज आला.

"पाणी कुठे पडलं?"

रेडिओवर नुसती घरघर होती.

"रोको, पाणी कुठे पडलं?"

मग दामिर बोलला. "परत येतोय. नऊ मिनिटं."

खेप दामिरची होती, ती पुरी झाली न झाली तोच विमान रोकोकडे गेलं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि परत उचलली.

"नऊ नाहीत माझ्याकडे," वित्स्को म्हणाला. पोस्टमन 'आज पत्रं नाहीत' सांगतो, तसं सांगितलं. त्यानंतर तो आमच्याशी बोलला नाही, आपल्या माणसांशी बोलला. पाण्याच्या दगडी टाक्याकडे पळा म्हणाला. सातजण पळाले. तो बंब वळवायला थांबला, कारण रस्ता एका गाडीपुरता आहे, आणि बंब तिथेच राहिला असता तर शेजारच्या गावचा बंब वर येऊ शकला नसता.

आठवी, नववी, दहावी, अकरावी, चारही खेपा वरच्या रस्त्यावर पडल्या. चारही वेळा आवाज दामिरचा.

साडेचारला विमान उतरलं. मेकॅनिक नळी घेऊन पुढे झाले. समुद्राचं मीठ रोजच्या रोज गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर ते पत्रा खातं. दामिर सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेला. रोको माझ्याकडे सही करायला आला. हात धुतले होते त्यानं, मनगटापर्यंत ओले होते.

"खेपा किती लिहू?" मी विचारलं.

"अकरा."

"सातवी कुठे?"

"बागेवर."

"कोणाच्या?"

"तुला माहीत आहे कोणाच्या. लिही."

"रोको, रेडिओवर तू होतास."

तो वही आपल्याकडे वळवून घेत होता, थांबला. "रेडिओचा रकाना आहे का ह्यात?" म्हणाला.

"नाही."

"मग झालं तर." सही केली आणि गेला. सही नेहमीसारखीच होती, मी नंतर मागच्या पानाशी ताडून बघितली.

भाजलेला वित्स्को तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. त्याची बायको तिहाना तीनही दिवस तिथेच होती. तिला काचेतून बघू देत होते.

दफनाला मी गेले. रोको गेला, मी त्याच बोटीत होते. दामिर आला नाही, त्याची पाळी होती असं म्हणाला. पाळ्या मी लावते, त्याची नव्हती. बोटीतून उतरल्यापासून चर्चपर्यंत रोकोशी कोणी बोललं नाही, आणि त्यात काही विशेष नव्हतं, दफनाच्या दिवशी बेटावर कोणी फारसं बोलत नाही. दारापाशी वित्स्कोची मोठी बहीण उभी होती. तिनं रोकोला नीट बघून घेतलं.

"झाडं बरी आहेत ना, रोको?" तिनं विचारलं. प्रकृती विचारावी तसं.

रोको म्हणाला, "बरी आहेत."

बेटावरच्या निम्म्या घरांत रेडिओ चालू होते. पोरासोरांनीही रोकोचा आवाज ओळखला होता. वरचा रस्ता म्हणाला, कळलं म्हणाला, दोन मिनिटं म्हणाला, आणि पाणी बापाच्या झाडांवर टाकलं. गावानं असा अर्थ लावला, आणि लावणारच. बोलणारा उडवत नाही हे त्यांना कोण सांगणार. ज्या आवाजावरून मला कळलं की खेप त्याची नव्हती, त्याच आवाजावरून त्यांनी ती त्याच्या नावावर चढवली. चर्चमध्ये तो आत गेला नाही. भिंतीपाशी उभा राहिला आणि पुढच्या बोटीनं परतला.

महिन्याअखेर राजधानीतून चौकशीला तिघे आले. माझ्याच खोलीत बसले, मी टंकलेखन केलं. त्यातल्या दोघांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं, घड्याळाकडे बघणं ते लपवत नव्हते.

"सातवी खेप कोणाची?" अध्यक्षानं विचारलं.

"वहीत बघा," रोको म्हणाला.

"वहीत तुमचं नाव आहे."

"मग माझी."

"रस्त्याऐवजी बागेवर कशी गेली?"

"वळण चुकलं. धूर होता." मग तो म्हणाला, "बाग माझ्या वडिलांची आहे. तेही लिहा, नाहीतर मागाहून कोणी सांगेल."

दामिर शेजारच्या खुर्चीवर होता, उजवीकडे. त्याला विचारलं, तुम्हाला काही जोडायचं आहे का. तो म्हणाला, नाही.

मग रेडिओची ध्वनिफीत लावली. घरघर आणि वारा, त्यातून शब्द. अध्यक्षानं माझ्याकडे बघितलं. "हा 'दोन मिनिटं' म्हणणारा आवाज विमानातलाच ना?"

"विमानातलाच," मी म्हटलं.

विमानातल्या कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही. कप्तानानं कबूल केल्यावर आवाज कशाला तपासायचा. मीही विचारलं तेवढंच सांगितलं. मी सांगितलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, की अशा खेपा आधी किती झाल्या आणि त्या कोणी लिहिल्या. जुलैतल्या चार माझ्या अक्षरात होत्या. हे मी टंकताना मोजलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

बारा सप्टेंबरला रोकोचा परवाना काढून घेतला. निवृत्तीला अठरा दिवस होते. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही.

ऑक्टोबरात, हंगाम संपल्यावर, दामिर माझ्या खोलीत आला. हातात नेमणुकीचं पत्र होतं आणि बेकरीतला अंजिराचा केक. मी कॉफी ठेवली. तो खुर्चीच्या टोकाशी बसला.

"तेता, तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही ऐकत होता ना."

"ऐकायचाच पगार मिळतो मला."

त्यानं केकच्या खोक्याची दोरी सोडवली आणि परत बांधली. "बागेच्या भिंतीशी आग पोचली होती. बंबापासून ती अजून लांब वाटत होती, तेता, वरून लांब वाटतं. बार्बा रेडिओवर बोलत होते, त्यांचं लक्ष विजेच्या तारांकडे होतं. मी म्हटलं, पुढची खेप रस्त्यावर टाकू. नऊ मिनिटांचा तर प्रश्न."

"त्यानं सांगितलं होतं? बागेवर टाक म्हणून?"

"नाही."

"मग?"

"बापाची झाडं होती त्यांच्या."

मी कॉफी ओतली. "आणि झाडं वाचवल्यावर तो म्हणणार होता, हा पोरगा आपला, ह्यालाच खुर्ची द्या."

त्यानं दोरीची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "पाणी सोडल्यावर मी त्यांना सांगितलं. बार्बा, झाडं वाचली. मला वाटलं... ते काहीच बोलले नाहीत. विमान माझ्याकडून घेतलं आणि म्हणाले, बोल, त्यांना सांग परत येतोय. उतरेपर्यंत तेवढंच बोलले. त्यानंतरही काही नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो, तर दारातच म्हणाले, नियमाप्रमाणे ती खेप मी तुला द्यायला नको होती, तेव्हा ती माझी, आता जा."

"दामिर," मी म्हटलं, "रोकोची शिफारस एकोणीस जुलैला गेली."

त्यानं मान वर केली.

"पाकिटावर तिकीट मी चिकटवलं. नाव तुझंच होतं. एरवी दोन ओळी लिहितो, तुझ्यासाठी अर्धं पान लिहिलं होतं. मी वाचलं, उघडं होतं म्हणून. हात हलका आहे, म्हणून लिहिलं होतं. खालच्या माणसांचा विचार करतो, असंही."

"मला सांगितलं नाही त्यांनी."

"परीक्षेआधी सांगितलं तर पोरगा ढिला पडेल, म्हणाला."

दामिरनं कॉफी प्यायली, पूर्ण. कप बशीत नीट मध्यावर ठेवला. "तुम्ही का नाही सांगितलंत? त्या तिघांना?"

"तू सांगतोस का? अजून पत्ता आहे माझ्याकडे त्यांचा."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मेकॅनिक विमानाच्या पंख्यांना हिवाळ्याची झापडं बांधत होते. "बायकोनं पडदे शिवायला टाकलेत," तो म्हणाला. मग उठला, केक राहू द्या म्हणाला, आणि घराच्या किल्ल्या कोणाकडे मिळतील ते विचारून गेला. किल्ल्या माझ्याकडेच होत्या. दुसऱ्या दिवशी सही घेऊन दिल्या.

मी त्या तिघांना लिहिलं नाही. केक चांगला होता, दोन दिवस पुरला.

हिवाळ्यात मी एकदा तिलागला जाऊन आले. एका खेपेचं समुद्राचं पाणी पडलेल्या झाडांतल्या चाळीसेकांची पानं गळाली होती. बाकीची उभी होती, फळांनी वाकलेली. तोडायला कोणी नव्हतं. तिहाना म्हणाली, अर्धा वाटा आमचा होता खरा, पण त्या बागेत मी पाय ठेवणार नाही. रोकोला बेटावर पाय ठेवायची सोय नव्हती. फळं जमिनीवर पडून काळी झाली होती आणि पाखरं ती खात होती.

तेव्हा हिशेब असा. वित्स्कोनं अठ्ठावन्न वर्षांचा जीव दिला. तिहानानं नवरा दिला, वर बागेतला अर्धा वाटा सोडला. रोकोनं परवाना दिला, गाव दिलं आणि बापाची झाडं दिली, जी त्याच्यासाठी वाचवली होती. बोटींवरच्या लोकांकडे चित्रफिती आहेत. दामिर एक मार्चपासून डावीकडे बसतो, वहीत त्याचं नाव मी रोज लिहिते. त्यानं काही भरलं नाही. मीही नाही.